एसीएलचा ग्राफ्ट कुठला घ्यावा: हॅमस्ट्रिंगचा की वाटीखालचा?

तुटलेलं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीच्या हाडाला बांधून ठेवणारा पट्टा, बहुतेक वेळा शिवून भागत नाही. त्याच्या जागी आपल्याच पायातला कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवतात; अशा बसवलेल्या कंडऱ्याला ग्राफ्ट म्हणतात. तो मांडीच्या मागून, म्हणजे हॅमस्ट्रिंगमधून घेता येतो, नाहीतर गुडघ्याच्या वाटीखालून, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून.

दोन वर्षांनी पेशंटना विचारलं तर दोन्हीकडचे लोक जवळपास सारखेच समाधानी असतात. जिने, चालणं, रोजची कामं यांत सांगण्यासारखा फरक नाही. फरक पडतो तो ग्राफ्ट पुन्हा तुटण्यात आणि जिथून काढला त्या जागेच्या दुखण्यात.

वाटीखालच्या ग्राफ्टच्या टोकांचं हाड, तो बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्यातल्या हाडाला लवकर धरतं. नॉर्वे आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींत दुसऱ्यांदा ऑपरेशन करायची वेळ हॅमस्ट्रिंगवाल्यांवर जास्त आली. एकूणात हा फरक छोटा आहे, पण धावता धावता गर्रकन वळणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूने तो छोटा मानू नये. अशा वयात हॅमस्ट्रिंगच घ्यायचं ठरलं, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जादा आधार शिवण्याबद्दल सर्जनशी जरूर बोला. १४ ते २५ वयाच्या ६१८ जणांवरच्या २०२० च्या चाचणीत या आधारामुळे ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.

वाटीखालच्या ग्राफ्टचा त्रास गुडघा टेकताना कळतो. पलंगाखाली गेलेला चेंडू काढायला फरशीवर गुडघा टेकवला की वाटीच्या खालच्या टोकाशी, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, कळ येते. काहींना ती वर्षानुवर्षं येत राहते. ज्यांचं कामच गुडघ्यावर बसून चालतं, त्यांना मी हॅमस्ट्रिंग सुचवेन. त्यातही उणं आहेच: पालथं झोपून टाच मागे ओढताना शेवटच्या टप्प्यात जोर कमी पडतो. स्प्रिंटरला ते जाणवतं, बाकीच्यांना फारसं नाही. वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा हाही चांगला पर्याय आहे. दात्याचा ग्राफ्ट मात्र तरुण खेळाडूंनी टाळावा, तो त्यांच्यात स्पष्टपणे जास्त तुटतो.

खेळात परतण्याचं काय? २०१४ मध्ये ६९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते, पण पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच आणि स्पर्धेत ५५ टक्के. मागे राहिलेल्या सगळ्यांचेच गुडघे कच्चे होते असं नाही. पुन्हा दुखापत होईल ही भीतीही अनेकांना अडवते, आणि तिच्यावर फिजिओथेरपिस्टशी मोकळेपणाने बोलायला हवं.

ग्राफ्ट कुठलाही असो, सहाव्या महिन्यात गुडघा छान वाटतो म्हणून मैदानात उतरू नका. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळपास निम्मी होत गेल्याचं नॉर्वेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं आहे.