आरओ, यूव्ही की यूएफ? दुकानात जाण्याआधी नळाचं पाणी मोजा

प्युरिफायर बघायला दुकानात गेलं की बहुतेक वेळा एकच मशीन पुढे येतं. आरओ (मेंब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून पाणी दाबाने ढकलून क्षार काढणारं), यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं), यूएफ (बारीक छिद्रांच्या गाळणीचं) सगळं एकाच डब्यात, शिवाय टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा कंट्रोलर, आणि वर तांब्याचं किंवा अल्कलाइन कार्ट्रिज. नळाला कुठलं पाणी येतं, हे विक्रेता क्वचितच विचारतो. निवड मात्र तेवढ्यावरच ठरते.

दोन-तीनशे रुपयांत पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो. तो घ्या आणि सोसायटीच्या टाकीत महापालिका, बोअर आणि टँकर असं मिसळून येत असेल तर प्रत्येक पाणी वेगळं मोजा. मे महिन्यात टँकर सुरू झाल्यावर पुन्हा मोजा, कारण मशीनला झेपायला हवं ते वर्षातलं सगळ्यात वाईट पाणी. मीटर विद्युतवाहकतेवरून फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत, आणि नायट्रेट किंवा फ्लोराइड किती हेही तो वेगळं सांगत नाही. बोअरचं पाणी पीत असाल, विशेषतः यवतमाळ-चंद्रपूरसारख्या फ्लोराइडच्या पट्ट्यात, तर प्रयोगशाळेतून तपासणी हवीच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे चौकशी करा.

आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. मुंबईला भातसा-तानसा-वैतरणेचं किंवा पुण्याला खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं, ते ५०० च्या कितीतरी खाली असतं. अशा निव्वळ महापालिकेच्या पाण्याला आरओ नको. क्षार कमीच असतात, तेही काढायचे आणि एक लिटरमागे तीन लिटर पाणी मोरीत सोडायचं, यात फायदा फक्त विकणाऱ्याचा. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या टीडीएसला आरओ बंद करण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. तिथे गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही एवढं पुरतं. यूव्हीची अट एकच, पाणी नितळ हवं. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किरण गाळाआड अडतात आणि जंतू वाचतात. म्हणून मशीनच्या आधी दहा इंची बाउलमध्ये पाच मायक्रॉनचं स्पन कार्ट्रिज हवंच. ते तपकिरी झालं की बदला, तारखेची वाट बघू नका. दिवा निळा दिसतो म्हणजे काम करतो असंही नाही, साधारण आठ हजार तासांनंतर त्याचा जोर उतरलेला असतो.

भारनियमन असलेल्या गावात यूव्ही अडतं. तिथे विजेशिवाय चालणारा यूएफचा टाकीवाला फिल्टर बरा. तो गाळ आणि जीवाणू अडवतो, विषाणूंची मात्र खात्री नाही, म्हणून साथीच्या दिवसांत पाणी उकळाच. क्षार तो अजिबात काढत नाही.

पाणी बोअरचं, टँकरचं किंवा मराठवाड्यातलं ८००-९०० टीडीएसचं असेल तर आरओला पर्याय नाही. पण मग टीडीएस कंट्रोलर नीट समजून घ्या. हा छोटा स्क्रू आहे. तो मेंब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात सोडतो. नळाला ९०० आणि मेंब्रेनमधून ६० येत असेल, आणि चवीसाठी बसवणाऱ्याने २०० वर लावलं, तर पेल्यातला सहावा हिस्सा कच्चं पाणी असतो. यूव्ही त्यातले जंतू मारेल, नायट्रेट-फ्लोराइड तसंच राहील. तपासणीत हे दोन्ही जास्त आले असतील तर स्क्रू पूर्ण बंद करून घ्या, चवीसाठी हवं तर मिनरल कार्ट्रिज लावा. तांबं आणि अल्कलाइनसाठी मात्र जादा पैसे मोजू नका.

‘पाणी वाचवणारा आरओ’ ही जाहिरात तपासून घ्या. ८०० टीडीएसचं निम्मं पाणी शुद्ध करून काढलं की उरलेल्या निम्म्यात क्षार जवळपास १६०० होतात, आणि जड पाण्यात ते मेंब्रेनवरच पापुद्रा धरतात. जड पाण्याला अशी बचत परवडत नाही. सांडपाणी बादलीत धरा आणि फरशी पुसायला किंवा संडासात वापरा. झाडांना नेहमी घालू नका.

मशीन बसवल्यावर लगेच मोजमाप करून घ्या. रात्रभर उभ्या मशीनचं पहिलं पाणी जास्त टीडीएस दाखवतं, म्हणून दहा मिनिटं चालवून मग मोजा. ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन) मेंब्रेनमधून मिनिटाला दीडशे ते दोनशे मिली शुद्ध पाणी यायला हवं, थंडीत थोडं कमी. कंट्रोलर बंद असताना शुद्ध पाण्याचा टीडीएस कच्च्याच्या दहा-पंधरा टक्क्यांवर गेला, तर मेंब्रेन किंवा त्याची सील गेलेली आहे. पंप घरघरतो आणि धार बारीक झाली, तर आधी सेडिमेंट म्हणजे गाळाचा फिल्टर बघा. बहुतेकदा तोच तुंबलेला असतो आणि बिल मात्र पंपाचं येतं. टाकी भरल्यावरही मोरीत पाणी वाहतच राहिलं तर टाकीतला फ्लोट नाहीतर पाणी बंद करणारी सोलेनॉइड झडप, म्हणजे कारागीर म्हणतात ती एसव्ही, अडकलेली आहे. उलट सांडपाणी येणंच बंद झालं तर एफआर, म्हणजे सांडपाण्याची धार रोखून धरणारा फ्लो रिस्ट्रिक्टर, तुंबला समजा. तसंच चालवलंत तर मेंब्रेन काही आठवड्यांतही जाऊ शकतं. प्री-कार्बन, म्हणजे मेंब्रेनआधीचा कार्बन फिल्टर, वेळेवर बदलला नाही तर नळातला क्लोरीन मेंब्रेन खातो, आणि ते बिघडताना आवाज येत नाही.

वार्षिक करारात मेंब्रेन, पंप आणि एसएमपीएस (मशीनला वीज देणारा अ‍ॅडॅप्टर) येतात का, हे लिहून घ्या. फक्त फिल्टर आणि भेटी असलेला करार स्वस्त वाटतो, पण महागडे भाग नेमके त्याबाहेर असतात. सुटं जुळवलेलं मशीन निम्म्या किमतीत मिळतं आणि त्याचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही असतात. गावात कंपनीचं सर्व्हिस सेंटर नसेल तर हाच पर्याय शहाणपणाचा, मात्र मेंब्रेनचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर उघडायला लावा आणि जुनं मेंब्रेन आपल्याकडे ठेवून घ्या.