ई-० प्लाय आणि कमी व्हीओसी रंग: नऊ महिने वापरल्यानंतर

पुण्यातला टू बीएचके. कमी व्हीओसी (रंगातून हवेत उडणारी रसायनं) रंगाचं काम आणि ई-० प्लायचं (गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा चुरचुरणारा वायू अगदी कमी सोडणारा म्हणून विकला जाणारा) फर्निचर जानेवारीत झालं, मग बंद खिडक्यांचा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेला. रंगाच्या डब्यावर लोक जेवढा विचार करतात, त्याच्या निम्मा प्लायच्या गोंदावर केला तरी घरातल्या हवेत जास्त फरक पडेल.

रंगाबद्दल तक्रार नाही. सिमेंटची पुट्टी, पाण्याचा प्रायमर आणि कमी व्हीओसी इमल्शन यांचा वास आठवड्याभरात गेला. गडद शेड मात्र टाळा, कारण शेडसाठी दुकानात मिसळतात त्या स्टेनरमुळे (रंगद्रव्यामुळे) व्हीओसी वाढू शकतात आणि डब्यावरचा आकडा बहुतेकदा फक्त बेसचा, म्हणजे स्टेनर घालण्याआधीच्या रंगाचा असतो. दारं आणि ग्रिललाही पाण्याचाच इनॅमल लावा. भिंती कमी व्हीओसीच्या आणि दारांना टर्पेंटाइनचा ऑइल पेंट, याला अर्थ नाही.

आता प्लाय. साध्या एमआर (कमर्शियल) प्लायमधला युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद दमटपणा आणि उष्णतेने हळूहळू तुटतो, आणि वर्षानुवर्षं फॉर्मल्डिहाइड सोडत राहतो. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायमधला फिनॉलिक गोंद त्या मानाने पक्का. कापलेल्या कडेवर त्याच्या गडद तपकिरी रेघा दिसतात, पण नुसत्या रेघांवर विसंबू नका. ‘ई-०’ हा शिक्का युरोपीय मानकात नाहीच, त्यामुळे चाचणीचा अहवाल मागा आणि त्यात पद्धत व जाडी बघा.

युरोपीय मानकात आहे तो ई-१ वर्ग. त्याची फॉर्मल्डिहाइडची मर्यादा हवेच्या घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम. ती मोजतात २३ अंश तापमानात, ४५ टक्के आर्द्रतेत, १ घनमीटर हवेमागे १ चौरस मीटर बोर्ड ठेवून. आपल्या १० बाय १२ फुटांच्या बेडरूममध्ये हवा साधारण ३१ घनमीटर. कपाट आणि बेडला ८ बाय ४ फुटांच्या १० शीट लागल्या. दोन्ही बाजू धरल्या तर ते ६० चौरस मीटरच्या आसपास जातं. म्हणजे चाचणीच्या जवळपास दुप्पट, वर जुलैचा दमटपणा. म्हणून फक्त ई-१ वर समाधान मानू नये, आणि उघडा प्लाय कुठेही ठेवू नये.

चूक नेमकी तिथेच झाली. १८ एमएम शीट ई-० आल्या, पण कपाटाची पाठ आणि ड्रॉवरचे तळ ६ एमएम साध्या कमर्शियल प्लायचे निघाले. कोटेशनमध्ये त्या जाडीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. जुलैत ड्रॉवर उघडला की डोळे चुरचुरायचे. उपाय केला तो असा: ड्रॉवर बाहेर काढून ३२० च्या पॉलिश पेपरने घासले, पाण्याच्या पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात दिले, कापलेल्या कडांना तिसरा. पहिल्या हाताने लाकडाचे रोम उभे राहतात, म्हणून मध्ये पुन्हा घासावं लागतं. पावसाळ्यात हा पीयू फार सावकाश वाळतो. घाईने दुसरा हात मारला तर पांढुरका पडतो. बिजागरीच्या ३५ एमएम भोकांत ब्रश फिरवायला विसरू नका, तिथे प्लाय उघडाच असतो. वास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही.

सनमायका चिकटवायला सुतार रबरचा पिवळा गोंद काढतात, कारण तो लगेच धरतो. त्यात सॉल्व्हंट असतं. सपाट पल्ल्यांना पांढरा गोंद लावून रात्रभर वजनाखाली ठेवायला सांगा, आणि कडांना मशीनवर चिकटवलेली एजबँडची पट्टी. व्हिनिअरवर (प्लायवर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ थरावर) मेलामाइन पॉलिश करू देऊ नका. ते ॲसिडने पक्कं होतं आणि स्वतःच फॉर्मल्डिहाइड सोडतं. ई-० चे दिलेले पैसे तिथेच वाया जातात.

हवेतले व्हीओसी, फॉर्मल्डिहाइड दाखवणाऱ्या हातातल्या स्वस्त मीटरवर निर्णय घेऊ नका. अगरबत्ती, सॅनिटायझर, अगदी फोडणी दिली तरी आकडा उडतो. त्यातल्या त्यात खरं काही कळायला सकाळी, रात्रभर बंद ठेवलेल्या खोलीत, स्वयंपाकाच्या आधी बघा, आणि आकड्यापेक्षा दोन खोल्यांमधला फरक धरा.

पहिले दोन महिने पल्ले उघडे, ड्रॉवर अर्धे बाहेर आणि खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवा. आणि नव्या कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. त्यातलं नॅप्थलिन श्वासातून जातंच. साड्यांमध्ये वेखंडाचे तुकडे पुरतात.