बुलेटची क्लच वायर गेली होती, पैसे मात्र क्लच प्लेटांचे घेतले

आमच्या घरी बाबांची 1986 ची बुलेट आहे. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, मद्रासच्या कारखान्यातली. बाबा गेल्यापासून मीच चालवतो. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथून शेत, आठवडी बाजार, तालुका, सगळीकडं हीच गाडी. या गाडीपायी मी कसा फसलो ते सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी जपणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि तालुक्याच्या गावी त्यांना असंच गाठतात.

पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. फाट्यावर थांबलो तर न्यूट्रल लागेना. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढं सरकत होती, गिअर टाकताना कर्र आवाज यायचा. लिव्हरही दाबायला जड झाली होती. तालुक्याला एका गॅरेजवाल्याकडं नेली. त्यानं दोनदा लिव्हर दाबून पाहिली, बस.

"क्लच प्लेटा जयल्या भाऊ. गाडी ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर हातात 4,300 रुपयांचा हिशोब. प्लेटा, स्प्रिंगा, ऑइल, लिव्हरपासून क्लचपर्यंत जाणारी वायर, मजुरी. छापील बिल नाही, वहीतला फाडलेला कागद, तोही त्यानं परत ठेवून घेतला. पेपरात गुंडाळलेली एक काळी पडलेली प्लेट दाखवली. मी जुनी वायर मागितली तर म्हणे भंगारात गेली. न्यूट्रल पटकन लागत होता, म्हणून पैसे देऊन टाकले. सोयाबीनच्या फवारणीसाठी ठेवलेले पैसे होते ते.

दहाव्या दिवशी खताच्या दोन बॅगा मागं बांधून येत होतो. चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही ओढेना, आणि जळका वास सुटला. कशीबशी मामांच्या दारात लोटत आणली. मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते डाव्या बाजूला खाली बसले आणि चेनकेसच्या, म्हणजे ज्याच्या आत क्लच प्लेटा असतात त्या झाकणाच्या, सांध्यावरून बोट फिरवत नेलं.

"काऊन गा, हे कोणं खोललं होतं?"

"त्यानंच, मामा. प्लेटा टाकल्या."

"मंग हा चिखल कोणं लावला?"

सांध्याच्या पूर्ण रेषेवर महिन्याभरापूर्वीचा काळ्या मातीचा सुकलेला थर तसाच होता, कुठंही तुटलेला नाही. या जुन्या बुलेटचं ते झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं. काढायचं तर आधी डावीकडचा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल उतरवावं लागतं, आतलं ऑइल सांडतं. त्या नटाच्या कडांवरचा गंजसुद्धा हललेला नव्हता. त्यानं झाकण उघडलंच नव्हतं. फक्त वायर बदलली होती, दीडदोनशे रुपयांची.

मामांनी मग जे समजावलं ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं ध्यानात ठेवावं. क्लच दाबूनही गाडी सरकते, न्यूट्रल सापडत नाही, म्हणजे इंजिनची ताकद पुढं चाकाला देणाऱ्या प्लेटा एकमेकींपासून सुटत नाहीत. अशा वेळी पहिला संशय वायरवर घ्यायचा: ताणली असेल, निप्पलजवळ, म्हणजे टोकाच्या गोळीजवळ, एकेक तार तुटत आली असेल, नाहीतर आउटर, म्हणजे बाहेरची नळी, वाकून आत घासत असेल. प्लेटा घासल्या किंवा जळल्या तर उलटं होतं, इंजिन पळतं आणि गाडी ओढत नाही. माझी तक्रार पहिली होती, इलाज त्यानं दुसरीचा सांगितला. त्याला हा फरक कळत नसेल असं मी मानत नाही.

आणि नुसता पैशांचा प्रश्न असता तरी मी गप्प बसलो असतो. त्यानं नवी वायर इतकी कसून लावली की लिव्हरला जराही प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, उरला नाही. हात पूर्ण सोडला तरी वायर प्लेटांना थोडं उचलूनच धरायची. त्या पुऱ्या दाबल्या जात नव्हत्या, घसरत होत्या. बाबांनी सांभाळलेल्या चांगल्या प्लेटा दहा दिवसांत खरोखरच जळल्या. मामांनी केस माझ्यासमोर उघडलं तेव्हा त्या हातात घेऊन मला रडू आलं. नव्या प्लेटांना आणखी 2,600 लागले.

वायर मामांनी माझ्याच हातानं बसवून घेतली. आधी इनरवर, म्हणजे आतल्या तारेवर, ऑइल सोडलं, दुसऱ्या टोकातून ते बाहेर येईपर्यंत. गिअरबॉक्सवरचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे वायरचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू, पूर्ण सैल करून निप्पल अडकवलं, मग हळूहळू ताण घेतला. लिव्हर ब्रॅकेटपासून दोनतीन मिलिमीटर मोकळी हलली की थांबायचं आणि अ‍ॅडजस्टर हलू न देणारा चेक नट कसायचा. हँडल डावीउजवीकडं पूर्ण फिरवून तोच प्ले पुन्हा पाहायचा. बदलला तर वायर कुठंतरी ओढली जातेय. एक जास्तीची वायर आम्ही लावलेल्या वायरच्या शेजारून टाकून टेपनं बांधून ठेवली. बाबाही तसंच करायचे, मी ते विसरलो होतो.

नंतर मामांना घेऊन त्या गॅरेजवर गेलो. आधी त्यानं आवाज चढवला, चिखलाचे फोटो दाखवल्यावर पंधराशे रुपये हातावर ठेवले. बाकीच्यासाठी कागद कुठाय म्हणाला. दारात एक जुनी बुलेट उभी होती. मालक समोरच्या टपरीवर चहा घेत होता. मी त्याच्याजवळ गेलो, चेनकेसच्या सांध्याचा फोटो आत्ताच काढून ठेव म्हणालो, आणि प्लेटा काढतील तेव्हा समोर उभं राहायला सांगितलं.