ओ-नेट आणि ग्रंथालयाचा संदर्भ विभाग : क्षेत्र बदलू पाहणाऱ्यांसाठी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. कामावर माझा जीव आहे, पण रात्रपाळी आता झेपत नाही आणि दिवसपाळीच्या जागा मोजक्याच असतात. म्हणून क्षेत्र बदलायचं ठरवलं. या शोधात बरीच साधनं वापरून पाहिली. त्यांतल्या दोघांबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं : ओ-नेट ही वेबसाइट आणि सार्वजनिक ग्रंथालयाचा संदर्भ विभाग.

नोकरीच्या पोर्टलांबद्दल माझी तक्रार नाही. जागा दाखवणं हे त्यांचं काम आणि ते ती दाखवतात. पण तिथे सुरुवातच पदाच्या नावाने करावी लागते. मी ‘लॅब टेक्नॉलॉजिस्ट’ टाकलं की समोर पुन्हा लॅबच्याच जागा, पुन्हा त्याच पाळ्या. मला हवं होतं ते वेगळं. एवढी वर्षं जे हातात मुरलंय, त्यावर आणखी कोणती कामं जमू शकतात? त्या कामांची नावंच ठाऊक नसतील तर पोर्टलच्या चौकटीत टाकायचं काय?

ओ-नेट इथे कामी येतं. अमेरिकेच्या श्रम विभागाचा हा उपक्रम आहे आणि कुठूनही, नोंदणी न करता, मोफत वापरता येतो. हा विभाग १९३९ पासून व्यवसायांचा एक जाडजूड छापील कोश काढत असे. त्याची जागा १९९८ मध्ये ओ-नेटने घेतली. आज त्यात नऊशेहून अधिक व्यवसायांची तपशीलवार माहिती आहे आणि त्यातली बरीचशी त्या त्या कामातल्या माणसांना आणि जाणकारांना प्रश्नावल्या पाठवून गोळा केलेली असते. कुठल्याही व्यवसायाचं पान वाचताना हे जाणवतं. ‘उत्तम संधी’, ‘झपाट्याने वाढणारं क्षेत्र’ अशी जाहिरातबाजी कुठेच नाही. काय करावं लागतं, कशाने करावं लागतं, किती वेळ उभं राहावं लागतं, चूक झाली तर परिणाम किती गंभीर, असं सगळं सरळ मांडलेलं.

माझा सल्ला, सगळ्यात आधी स्वतःच्या सध्याच्या कामाचं पान उघडा. मी तेच केलं. उपकरणांचं कॅलिब्रेशन, गुणवत्ता नियंत्रण, निकालांची पडताळणी असं सगळं तिथे होतं आणि आम्ही जसं करतो तसंच लिहिलेलं होतं. जे आपल्याला माहीत आहे ते बरोबर निघालं की जे माहीत नाही त्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. मग त्याच पानावरच्या ‘संबंधित व्यवसायां’च्या यादीकडे वळा. पण खरी मजा त्याहून पुढे आहे. पदाचं नाव बाजूला ठेवून कामाच्या स्वरूपावरून उलटा शोध घेता येतो. नोंदी तपासणं, विसंगती हेरणं, आकड्यांची खातरजमा करणं अशी कामं मी निवडत गेले आणि ‘क्लिनिकल डेटा मॅनेजर’ हा व्यवसाय समोर आला. नाव कानावर होतं, पण काम काय असतं ते ठाऊक नव्हतं.

त्या पानावर एक काम असं दिलंय : डेटा भरताना सापडलेल्या चुका आणि राहून गेलेल्या नोंदी यांवरून शंका काढायच्या आणि त्यांचं निरसन करून घ्यायचं. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. लॅबमध्ये आम्ही ‘डेल्टा चेक’ करतो. रुग्णाचा आजचा निकाल आधीच्या निकालाशी ताडून पाहायचा. काल हिमोग्लोबिन तेरा आणि आज सात आलं, रक्तस्राव झाल्याची नोंद कुठेच नाही, तर रिपोर्ट तसाच सोडायचा नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली का, सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं का, वॉर्डात फोन करून विचारायचं. पोटॅशियम अचानक वर गेलं की ट्यूब हातात घेऊन सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग) लालसर दिसतंय का ते पाहायचं, कारण तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा चढतो. औषधांच्या चाचण्यांमधला डेटा मॅनेजर हेच करतो. फरक इतकाच की तो हे हजारो नोंदींवर आणि ट्यूब समोर नसताना करतो. बायोडेटात मी आजवर ‘नमुन्यांची तपासणी व रिपोर्टिंग’ एवढंच लिहीत असे. माझ्या कामाचा विकला जाणारा भाग त्यात आलाच नव्हता.

पानावर सॉफ्टवेअरांची यादीही असते आणि जाहिरातींमध्ये वारंवार मागितल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरांवर वेगळी खूण असते. एसएएस (आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) ही नावं मी तिथून उचलली. आणखी एक छोटी पण फार मोलाची गोष्ट म्हणजे त्याच कामाला प्रत्यक्षात कोणकोणत्या पदनामांनी ओळखतात, त्याचे नमुने. ती नावं एकेक करून पोर्टलवर टाकली तेव्हा आधी कधीच न दिसलेल्या जागा दिसू लागल्या. त्याच पोर्टलवर, त्याच दिवशी.

आवडनिवड चाचणीही आहे. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या सहा प्रकारांवर ती उभी आहे : हाताने काम करणारे, शोधक, कलात्मक, समाजाभिमुख, उद्यमी आणि नियमबद्ध. शिक्षण संपत आलेल्यांनी जरूर करावी. माझा कल शोधक आणि नियमबद्ध निघाला. वीस वर्षं लॅबमध्ये टिकलेल्या माणसाचा दुसरा काय निघणार! माझ्यासारख्यांना तिचा उपयोग बेताचाच.

उणी बाजूही स्पष्ट सांगते. पगाराचे आकडे आणि मागणीचे अंदाज फक्त अमेरिकेचे आहेत. कोणत्या कामाला किती शिक्षण लागतं याची एक ते पाच अशी पायरी दिलेली असते, तीही तिथल्याच व्यवस्थेनुसार. परवान्यांचे नियम तर देशागणिक बदलतात. त्यामुळे कामाचं स्वरूप ओ-नेटवरून घ्यावं आणि पगार, पात्रता, मागणी हे आपापल्या देशातल्या जाहिरातींवरून आणि व्यावसायिक संघटनांकडून. अमेरिकेच्याच श्रम सांख्यिकी विभागाची व्यवसाय-पुस्तिका १९४९ पासून निघते. ती वाचायला जास्त सोपी आहे, पण तिलाही हीच मर्यादा.

युरोपीय आयोगाचं ‘एस्को’ हे व्यवसाय आणि कौशल्यांचं ऑनलाइन वर्गीकरणही पाहण्यासारखं आहे. तीन हजारांहून जास्त व्यवसाय, आणि प्रत्येकाखाली कौशल्यांचे दोन गट : अत्यावश्यक आणि ऐच्छिक. बायोडेटा लिहिताना ही विभागणी मला ओ-नेटपेक्षा सरस वाटली, कारण कशावर भर द्यायचा ते एका नजरेत कळतं. एस्को २८ भाषांत आहे. त्यात मराठी नाही आणि ओ-नेटवरही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दहावीच्या मुलाला किंवा घर सांभाळून पुन्हा कामाला लागणाऱ्या बाईला ही माहिती आपल्या भाषेत वाचता आली तर किती फरक पडेल! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात जगभरच्या व्यवसायांचे ४३६ मूळ गट आहेत. एस्कोची मांडणी त्याच पायावर आहे आणि कितीतरी देशांची वर्गीकरणंही. म्हणजे चौकट तयार आहे, काम भाषांतराचं उरलंय.

आता ग्रंथालयाकडे येते.

करिअरची पुस्तकं एका जागी नसतात हे आधी लक्षात घ्या. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, मांडणी असेल तर व्यवसाय निवडीची पुस्तकं ३३१.७०२ ला मिळतात, म्हणजे अर्थशास्त्रातल्या श्रम विभागात. अर्ज, बायोडेटा, मुलाखत यांची पुस्तकं मात्र ६५०.१४ ला, व्यवस्थापनाच्या कपाटात. बहुतेक लोक एकाच कपाटापाशी उभे राहून ‘इथे काही नाही’ म्हणत परत जातात. तिसरी जागा त्या त्या विषयातच असते. विषयाच्या क्रमांकाला ०२३ जोडलं की तो विषय व्यवसाय म्हणून सापडतो, जसं वकिलीच्या व्यवसायासाठी ३४०.०२३. बायोडेटावरची जुनी पुस्तकं मात्र बिनदिक्कत बाजूला सारा. प्रकाशनाचं वर्ष पाहिल्याशिवाय त्यातलं काही उचलू नका, अर्ज करण्याची रीत फार बदलली आहे.

पण मी पुस्तकांसाठी ग्रंथालयाची शिफारस करत नाहीये. संदर्भ विभागातल्या माणसासाठी करते आहे. मी गेले तेव्हा टेबलापाशी एक बाई होत्या. मी म्हटलं, ‘‘मॅडम, नोकरी शोधतेय, काही पुस्तकं आहेत का?’’ त्यांनी पुस्तकं दाखवली नाहीत. विचारलं, ‘‘नोकरी शोधताय की क्षेत्र?’’ मी म्हटलं, क्षेत्र साधारण ठरलंय. ‘‘मग त्या क्षेत्रात नोकरी देतं कोण, ते माहीत आहे?’’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांचे प्रश्न एकातून एक निघत गेले : कोणत्या आजारांवरच्या चाचण्या चालतील, स्थलांतर जमेल का, घरून काम चालेल का. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात वाचकाला नेमकं काय हवंय हे असं प्रश्नांतून काढून घेणं शिकवतात. शोधयंत्र आपण टाकलेल्या शब्दांना उत्तर देतं. या बाईंनी माझा प्रश्नच दुरुस्त करून दिला.

मग त्यांनी मला क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही साइट उघडून दिली. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची आहे, २००० पासून सर्वांना खुली आहे आणि तिथे दोनशेहून अधिक देशांतल्या औषध चाचण्यांची नोंद असते. आजवर मला ती संशोधकांसाठीची यादी वाटत होती. बाईंनी देश निवडला, ‘रुग्णभरती सुरू’ ही खूण लावली आणि प्रायोजकाच्या, म्हणजे चाचणीची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीच्या, नावावर बोट ठेवलं. ‘‘चाचणी चालू आहे म्हणजे डेटा येतोय. डेटा येतोय म्हणजे तो तपासणारं कुणीतरी लागणार.’’ जाहिरात निघण्याआधीच कंपन्यांची यादी माझ्या वहीत तयार. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. प्रायोजक कंपनी डेटाचं काम बरेचदा बाहेरच्या संशोधन संस्थेकडून करून घेते आणि त्या संस्थेचं नाव नोंदीत असेलच असं नाही. ते कंपनीच्या वार्षिक अहवालात, बातम्यांत किंवा क्षेत्राच्या नियतकालिकांत धुंडाळावं लागतं. हे अहवाल आणि अंक त्याच विभागात चाळता आले. नियतकालिकांच्या शेवटच्या पानांवरच्या परिषदांच्या आणि अभ्यासक्रमांच्या जाहिरातीही सोडू नका. डेटा व्यवस्थापकांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि तिची प्रमाणपत्र परीक्षा यांचा पत्ता मला तिथेच लागला.

वेबॅक मशीनचा एक उपयोग मी स्वतः शोधला. इंटरनेट आर्काइव्हने २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं हे साधन वेबसाइटांची जुनी पानं दाखवतं. कंपनीच्या ‘करिअर’ पानाचा पत्ता तिथे टाका आणि मागची काही वर्षं चाळा. एका कंपनीच्या पानावर तीच जागा वर्षामागून वर्षं झळकताना दिसली. तिथे माणसं टिकत नसावीत किंवा जागा नुसती दाखवायला ठेवली असावी. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मुलाखतीत त्याबद्दल विचारायला हवं, हे कळलं. कर्मचाऱ्यांनी निनावी लिहिलेल्या अभिप्रायांपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. तिथे रागावलेली माणसं आणि कंपनीने लिहायला बसवलेली माणसं यांच्यात मधली माणसं हरवतात.

ग्रंथालयाचीही उणीव आहेच. महागडे डेटाबेस बरेचदा ग्रंथालयातल्याच संगणकावर चालतात, घरून उघडत नाहीत. आणि संदर्भ विभागाला जाणता माणूस प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. नुसतं पुस्तक देण्या-घेण्याचं टेबल असेल तर तिथे अडून न बसता विद्यापीठाच्या किंवा तुमच्या विषयाच्या संस्थेच्या ग्रंथालयात विचारा. माजी विद्यार्थ्यांना प्रवेश देणारी ग्रंथालयं असतात. जाताना गर्दीची वेळ टाळा आणि हातात एक कागद असू द्या : आत्ता काय करता, काय सोडायचंय, काय सोडायचं नाही.

या सगळ्यानंतर मी या क्षेत्रातल्या एका ताईंना भेटले. ‘तुमचं काम कसं असतं’ असं मोघम विचारण्याऐवजी ओ-नेटवरची कामांची यादी छापून नेली आणि विचारलं, यातलं कशात सगळ्यात जास्त वेळ जातो? त्यांनी पेनाने एका ओळीवर खूण केली. रुग्णालयांकडून शंकांची उत्तरं मिळवणं. वॉर्डात फोन करून, डॉक्टरांना न दुखावता खरी माहिती काढून घेण्याची सवय असलेला माणूस तिथे सोन्यासारखा, असं त्या म्हणाल्या. माझ्या बायोडेटाची पहिली ओळ आता तीच आहे. एसक्यूएल शिकते आहे आणि अर्ज जात आहेत.

ज्यांना पुढच्या महिन्यात पगार हवाच आहे त्यांनी मात्र आधी पोर्टल आणि ओळखीपाळखी गाठाव्यात, कारण वरची दोन्ही साधनं सावकाश फळ देतात. बाकी कुणी क्षेत्र बदलायचा विचार करत असाल आणि आपल्या कामाला दुसरं नाव काय असू शकतं हेच उमगत नसेल, तर ओ-नेटला माझ्याकडून पाचपैकी चार. संदर्भ विभागातल्या त्या बाईंना पूर्ण पाच.