मध, गूळ, खजूर की साखरच? शुगर असलेल्यांनी काय निवडायचं

रिपोर्टमध्ये शुगर निघाली की डॉक्टरांच्या गोळ्यांच्या आधी हा प्रश्न येतो, साखर बंद करतो पण मध चालेल ना, तो तर नॅचरल आहे. सरळ उत्तर असं की मध पण साखरच आहे, साखरेच्या जागी, मोजून, थोडा घेतला तर चालतो, आणि साखर सोडलीय ना मग मध घ्यायला काय हरकत म्हणून वरून घेतला तर नाही चालत. बाकी गूळ, खजूर, अगावे (निवडुंगासारख्या दिसणाऱ्या झाडाचं गोड सिरप), स्टीविया (गोड पानांपासून काढलेला, साखर नसलेला गोडवा) या सगळ्यांत फरक नक्की आहे पण जाहिरातीत सांगतात तो नाही.

आधी मध आणि साखर शेजारी शेजारी ठेवू, आणि ते पण चमच्याने, कारण घरात कोणी ग्रॅम मोजत बसत नाही. सपाट एक चमचा साखर साधारण ४ ग्रॅम भरते. तोच चमचा मधाचा घेऊन वजनकाट्यावर ठेवा, ७ ग्रॅमच्या आसपास येतो, मध जड असतो ना, शिवाय चमच्याच्या खाली लोंबणारा थेंब आपण कधी धरतच नाही. मधात १७-१८ टक्के पाणी आणि उरलेली जवळपास सगळी साखर, म्हणजे त्या चमच्यात ६ ग्रॅमच्या जवळ कार्ब (कर्बोदकं, ज्यांनी शुगर वाढते) आणि २१ कॅलरी, साखरेच्या चमच्यात ४ ग्रॅम आणि १६ कॅलरी. वजनाला वजन लावलं तर मधात साखर कमी, चमच्याला चमचा लावला तर मधच भारी पडतो! "मी साखर नाही, दोन चमचे मध घेतो" म्हणणारा माणूस तिथल्या तिथे तीन चमचे साखर घेत असतो.

आता मधाच्या बाजूने बोलायचं तर त्याचा जीआय, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, खाल्ल्यावर रक्तातली शुगर किती झपाट्याने वाढते त्याचा आकडा, साखरेपेक्षा थोडा कमी असतो. साखर ६५ च्या आसपास, मध सरासरी ६० च्या आसपास. पण सरासरी म्हणजे सरासरीच, फुलांच्या जातीप्रमाणे एखादा मध चाळीसच्या खाली असतो आणि एखादा ऐंशीपर्यंत जातो आणि तुमच्या बाटलीवर हे कुठेच छापलेलं नसतं. हा खेळ मधातल्या दोन साखरांच्या, फ्रुक्टोज-ग्लुकोजच्या प्रमाणाचा आहे, फ्रुक्टोज जास्त असेल तर रक्तातली शुगर लगेच उडी मारत नाही आणि असा मध बराच काळ पातळ राहतो, ग्लुकोज जास्त असेल तर लवकर दाणेदार होतो (त्यामुळे गोठला म्हणजे भेसळ, हे डोक्यातून काढून टाका). फ्रुक्टोज साखरेपेक्षा गोडही जास्त लागतं, म्हणून कमी मधात काम भागतं असं म्हणतात, पण ते थंड पदार्थात, गरम केलं की फ्रुक्टोजचा गोडवा उतरतो आणि मग गरम चहात हात अजून अर्धा चमचा ओततोच.

संशोधन काय म्हणतं तर दोन्ही बाजूंचं आहे, आणि जो तो आपल्या सोयीचं फॉरवर्ड करतो. २००९ मध्ये इराणमध्ये टाइप २ डायबेटिसच्या ४८ पेशंटवर ८ आठवड्यांचा अभ्यास झाला, मध घेणाऱ्यांचं वजन, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) कमी झालं, छान, पण एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) वाढलं, आणि आपल्याला तर तेच खाली आणायचंय. २०१५ मध्ये अमेरिकेत मध, साखर आणि कॉर्न सिरप तिन्ही सारख्या कार्बच्या हिशोबाने दोन-दोन आठवडे देऊन बघितलं, शुगरवर तिघांच्या परिणामात विशेष फरक नाही. २०२२ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी १८ चाचण्या एकत्र करून सांगितलं की मधाने, त्यातही कच्च्या आणि एकाच फुलाच्या मधाने, फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर थोडी कमी दिसते, हे खूप गाजलं, पण त्यातले बहुतेक लोक निरोगी होते आणि त्यांचा आहार आधीच कमी साखरेचा होता, हा भाग फॉरवर्डमधून गळतो. माझ्या मते हे डायबेटिसवाल्याने स्वतःला लावून घेण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटना तर २०१५ पासून मध, सिरप आणि ज्यूसमधली साखर 'फ्री शुगर'मध्येच धरते, दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. आणि कच्चा असो की गाळलेला, साखर तेवढीच.

गूळ, नारळाची साखर आणि मेपल सिरप यांना एकाच ओळीत बसवतो, कारण तिन्ही मुख्यतः सुक्रोज म्हणजे आपली साखरच. गुळात लोह-खनिजं असतात हे खरं, पण ती कामाला येतील इतका गूळ खाल्ला तर शुगरचं काय होईल ते मीटरच सांगेल. चव आवडते म्हणून खा, औषध म्हणून नको.

अगावे सिरप जरा वेगळं प्रकरण आहे. याचा जीआय खूप कमी, म्हणून 'डायबेटिक फ्रेंडली' म्हणून विकतात, आणि मीटरवर खरंच चांगलं दिसतं. पण ते कमी दिसतं कारण त्यात ७०-९० टक्के फ्रुक्टोज असतं, ते आधी लिव्हरकडे जातं, जास्त झालं तर ट्रायग्लिसराइड आणि फॅटी लिव्हर. टाइप २ वाल्यांना बऱ्याचदा फॅटी लिव्हर आधीच असतं, त्यामुळे या सगळ्यांत मला सर्वात फसवं हेच वाटतं.

खजूर आणि अख्खी फळं यांची बाजू जास्त भक्कम आहे, फायबर असतं, चावून खावं लागतं, पोट भरतं. तरी मोठा मेजूल खजूर एकच घेतला तरी १८ ग्रॅमच्या आसपास कार्ब होतात, म्हणजे चार-साडेचार चमचे साखर, त्यामुळे एक खाऊन डबा बंद करता येत असेल तरच. आणि खजुराची पेस्ट घातलेले 'नो ॲडेड शुगर'वाले बार म्हणजे खजूर नाही, मागच्या बाजूला कार्बचा आकडा बघा. फळांचंही तसंच, २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात अख्खं फळ खाणाऱ्यांमध्ये टाइप २ चं प्रमाण कमी दिसलं आणि ज्यूस पिणाऱ्यांमध्ये जास्त.

स्टीवियाने शुगर वाढत नाही, फक्त चहा-कॉफी गोड करायची असेल तर शुगरच्या दृष्टीने हाच पर्याय बरा. पण पाकीट वाचा, बऱ्याच पावडरींमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चची पावडर) किंवा डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) मिसळलेलं असतं, त्याने शुगर वाढते.

मग ठरवायचं कसं? एचबीएवनसी अजून आटोक्यात नसेल तर मध-गूळ सध्या बाजूलाच ठेवा. आटोक्यात असेल आणि गोडाशिवाय होतच नसेल तर दिवसाला एक चमचा मध, जेवणासोबत, दुसरा कुठला तरी कार्ब तेवढा कमी करून, आणि स्वतःच्या मीटरवर तपासा, खायच्या आधी आणि दोन तासांनी, एक दिवस मधासकट, एक दिवस तेच जेवण मधाशिवाय. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत राहतोय का बघा. इन्सुलिन घेत असाल तर मधाचे कार्बही डोसच्या हिशोबात धरावे लागतात.

एका ठिकाणी मात्र मध खरंच उपयोगी आहे, शुगर लो झाली तेव्हा. ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम झटपट कार्ब घ्यायचे, म्हणजे एक मोठा चमचा मध, १५ मिनिटांनी परत तपासायचं. ज्यांना अकार्बोज किंवा वोग्लिबोजची गोळी चालू आहे त्यांनी हे नीट लक्षात ठेवा, त्या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात त्यामुळे लो झाल्यावर साखर खाऊन शुगर लवकर वर येत नाही, तिथे ग्लुकोज पावडर सर्वात चांगली आणि ती नसेल तर मध, कारण मधातलं ग्लुकोज आधीच सुटं असतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात मध, पाणी काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतं, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवायची.