चार पोर्ट बांधून '4 गिग' विकणाऱ्यापासून सावध राहा

लिहायची लाज वाटतेय, कारण मी काही कालचं पोर नाही. केबलची टोकं क्रिम्प करण्यात माझी बारा वर्षं गेली. तरीही फसलो.

आमच्या मुख्य सर्व्हरवरून बॅकअप सर्व्हरवर रोज रात्री 6 टीबी डेटा जातो. (रोज पूर्ण बॅकअप कशाला, हे मला विचारू नका, वरून तसा हुकूम आहे.) एक गिगच्या लाइनवर (गिग म्हणजे सेकंदाला अब्ज बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला 112 एमबी मिळायचे, म्हणजे जवळपास 15 तास. रात्री 10 ला लावलेला बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारी 1 ला संपायचा आणि तोवर सगळं ऑफिस माझ्या नावाने खडे फोडायचं.

मी 10 गिगची दोन नेटवर्क कार्डं मागितली होती. माल विकणारा हा गृहस्थ म्हणाला, "सर, 10 गिगची कार्डं तापतात, कशाला नसती भानगड? दोन्हीकडे चार-चार पोर्टांची कार्डं टाकू, टीमिंग करू, म्हणजे चारी तारा एकत्र बांधू, सरळ 4 गिग." तांब्याच्या केबलवरची 10 गिगची कार्डं तापतात हे खरंच आहे. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा महाग पडतो. कार्डं, मॅनेज्ड स्विच (तारा जोडायचा, सेटिंग बदलता येणारा डबा) आणि 'कॅट 6ए' म्हणजे 10 गिगला चालणाऱ्या तांब्याच्या केबलच्या 305 मीटरच्या दोन पेट्या, असं बिल झालं. 70 टक्के आगाऊ. केबल लागली 140 मीटर.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. त्याने आयपर्फ, म्हणजे नेटवर्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, चालवून दाखवलं. पहिल्यांदा 2.8 आलं. "लाइन बिझी आहे सर," म्हणत पुन्हा चालवलं, मग तिसऱ्यांदा. तेव्हा 3.7 गिग आलं आणि त्याने खालच्या 'सम' शब्दावर बोट ठेवलं. त्या बोटाच्या वर आठ ओळी होत्या. आठ! कमांडमध्ये 'पी 8' लिहिलेलं मला दिसत होतं. आठ वेगवेगळे प्रवाह सोडून त्यांची बेरीज दाखवत होता आणि मी मान डोलावत होतो. "एकच प्रवाह सोडून दाखव," एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. संध्याकाळ झाली होती, साहेब शेजारी उभे होते, उरलेले 30 टक्केही तिथल्या तिथे दिले.

रात्री बॅकअप लावला. सेकंदाला 112 एमबी. तोच आकडा! एक एमबी इकडे नाही की तिकडे नाही.

कारण ठाऊक असणाऱ्यांना ठाऊकच असेल. पॅकेटांचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा, क्रम बिघडू नये म्हणून टीमिंगमध्ये एका जोडणीची (म्हणजे एका प्रवाहाची) सगळी पॅकेटं एकाच तारेतून जातात. कुठली तार, ते पत्ते आणि पोर्ट क्रमांकांच्या (हे सॉफ्टवेअरमधले, कार्डावरची भोकं नव्हेत) हिशेबावर ठरतं. म्हणूनच त्याचा आकडा दर खेपेला बदलत होता! आमचं बॅकअप सॉफ्टवेअर एकच जोडणी उघडतं, त्यामुळे उरलेल्या तीन तारा नुसते दिवे मिचकावतात. हा नियम 2000 सालच्या 802.3एडी या नेटवर्क मानकापासूनचा आहे. त्याला माहीत नव्हतं म्हणता? मग 'पी 8' कुणी टाकलं? आणि विंडोजमध्ये '4.0 जीबीपीएस' दिसलं म्हणून खूश होऊ नका, तीही नुसती बेरीजच.

मग केबलवर संशय आला. तुकडा सोलून तारेवर ब्लेड फिरवलं. वरचा तांबूस मुलामा सालीसारखा निघाला, आत पांढरं चकचकीत ॲल्युमिनियम. वर मात्र ठसठशीत 'कॅट 6ए' छापलेलं. पेटी हातात घेतल्यावर हलकी लागली होती, तेव्हा वाटलं आपलीच ताकद वाढली. पैसे देण्याआधी ब्लेड फिरवा, विकणाऱ्याच्या समोर.

तक्रारीचं काय विचारता! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून विचारलं, "माल मिळाला ना? वायर चालते ना? मग फसवणूक कसली?" टीमिंग समजावायला कागदावर चार रेघा काढल्या, तर म्हणे हे दिवाणी प्रकरण. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की माल धंद्यासाठी घेतला म्हणजे मी ग्राहकच नाही. मग मी कोण? तिथल्या बाईंनी अर्ज परत सरकवला, पण त्याआधी त्याच्या तीन प्रती मात्र मागून घेतल्या होत्या. ऑनलाइन तक्रार पाच महिने 'प्रक्रियेत' आहे.

शेवटी 10 गिगची दोन कार्डं आणि 3 मीटरची डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार तार) आणून दोन्ही सर्व्हर थेट जोडले, मध्ये स्विचच नाही. खर्च त्याच्या बिलाच्या बरोब्बर 22 टक्के. आता डिस्कच सेकंदाला 430 एमबीवर अडतात, तरी चार तासांच्या आत काम उरकतं. तुमच्या डिस्क किती देतात ते आधी मोजा. आणि बिलावर '4 गिग' नको, 'एका फाइलला सेकंदाला इतके एमबी' असं लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'हाय स्पीड' आहे.

केबलची दुसरी पेटी सीलबंदच आहे. ती तरी परत घे म्हणून फोन केला, तर म्हणाला, "ठेवा सर, पुढे एक्स्पान्शनला लागेल."