स्विंग ऐकायला सुरुवात कोणापासून करावी : गुडमन, एलिंग्टन की बेसी?

स्विंग म्हणजे १९३० व १९४० च्या दशकांत गाजलेला, नाचायला लावणारा जॅझचा प्रकार. अमेरिकेतील त्या स्विंग युगाचे बिग बँड, म्हणजे मोठे वाद्यवृंद, ऐकायचे ठरवले की बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी ही तीन नावे बहुधा पुढे येतात. तिघांच्याही बँडची घडण ढोबळमानाने सारखीच, म्हणजे ट्रंपेट, ट्रोंबोन व सॅक्सोफोनचे ताफे आणि त्यांच्यामागे पियानो, गिटार, बास व ड्रम्स. तरीही त्यांचे संगीत इतके वेगळे आहे की पहिली निवड आवडीला जुळली नाही, तर हा सगळा प्रकारच आपल्यासाठी नाही असे वाटू शकते.

गुडमन सर्वांत सुबक. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये तरुणांनी त्यांना डोक्यावर घेतले, तेथून स्विंगचे युग सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्या यशामागील अनेक संयोजने फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय बँडप्रमुखाची होती, आणि हे श्रेय दर वेळी सांगितले गेले पाहिजे. गुडमन यांच्या १६ जानेवारी १९३८ च्या न्यूयॉर्कमधील कार्नेगी हॉलच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तिच्यात बेसी स्वतः आणि एलिंग्टनच्या बँडमधील जॉनी हॉजेस, हॅरी कार्नी व कूटी विल्यम्स पाहुणे म्हणून वाजवतात, परंतु तेवढ्यावरून त्या दोन बँडची पारख करू नये.

एलिंग्टन यांच्याकडे लक्ष देऊन बसावे लागते. ते ‘दुसरा ट्रंपेट’ अशा अनामिक जागेसाठी लिहीत नसत, तर विल्यम्स यांच्या गुरगुरणाऱ्या ट्रंपेटसाठी किंवा हॉजेस यांच्या एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळणाऱ्या आल्टो सॅक्सोफोनसाठी लिहीत. म्हणूनच तीच स्वरलिपी दुसऱ्या बँडने वाजवली तर रंग उतरतो. १९४० ते १९४२ या काळात सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांची साथ, जिमी ब्लँटन यांचा बास आणि बेन वेबस्टर यांचा टेनर सॅक्सोफोन यांमुळे तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत त्यांनी जे साधले, त्याला माझ्या मते या युगात तोड नाही.

तरीही नवख्याने सुरुवात बेसींपासून करावी असे मी आग्रहाने सांगेन. कॅन्सस सिटीच्या क्लबांत घडलेल्या या बँडची बरीचशी संयोजने कागदावर नव्हती. तालमीत कोणीतरी छोटी स्वरावली सुचवायची, तिला दुसऱ्या ताफ्याने उत्तर द्यायचे आणि ती घोळवत चढवत न्यायची. त्याखाली वॉल्टर पेज यांचा चार मात्रांत चालणारा बास, जो जोन्स यांची हाय-हॅटवरील, म्हणजे ड्रम्समधील पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवरील, हलकी लय, फ्रेडी ग्रीन यांची जवळजवळ कधीच पुढे न येणारी गिटार आणि मोजकेच स्वर टाकून बाकीची जागा मोकळी सोडणारा बेसींचा पियानो असे. लेस्टर यंग यांचा टेनर सॅक्सोफोन या लयीवर इतका निवांत तरंगतो की संगीताचे शास्त्र न जाणणाऱ्यालाही स्विंग म्हणजे काय हे अंगात जाणवते. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतील चिक चॉकलेट या गोमंतकीय वादकाचा ट्रंपेट ज्यांना आवडतो, त्यांना तर हे संगीत परके वाटणार नाही.

यासाठी १९३७ ते १९३९ मधील डेका कंपनीची ध्वनिमुद्रणे घ्यावीत. जुन्या तबकड्यांची खरखर सहन होत नसेल, तर नील हेफ्टी यांच्या रचनांचे बेसींचे १९५७ मधील ध्वनिमुद्रण आधी ऐकावे. बँड बदललेला आहे, यंग नाहीत, पण ग्रीन यांची गिटार तिथेही आहे.